फोटोवाला आणि शूटिंगवाला: मराठवाड्यातील स्टुडिओ व्यवसायाचा प्रवास

मिररलेस कॅमेरा फोटोसाठी घ्यायचा की शूटिंगसाठी, हा प्रश्न मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतील स्टुडिओचालकांपुढे अलीकडेच आला. त्याआधी तो पडण्याचे कारण नव्हते. फोटोचा कॅमेरा वेगळा, शूटिंगचा वेगळा आणि बहुतेक वेळा ते चालवणारी माणसेही वेगळी. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावसारख्या गावात लग्नसराईत एकाच मांडवात ‘फोटोवाला’ आणि ‘शूटिंगवाला’ असे दोघे दिसतात, ते या जुन्या वाटणीमुळे. ही वाटणी मुळातली नव्हे. महाराष्ट्रात चलच्चित्र आले तेव्हा ते फोटोग्राफरांच्याच हाती आले होते. पुढे माल, प्रकाश आणि पैशाचा हिशेब यांनी ही दोन कामे वेगळी केली आणि डिजिटल सेन्सरने ती पुन्हा एका कॅमेऱ्यात आणली. एकत्र आल्यावरही त्यांच्या गरजा मात्र वेगळ्याच राहिल्या. आजच्या निवडीतली अडचण तिथे आहे.

निजामाच्या मुलखातील छायाचित्रण

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. शिकलेल्या मुंबईकराला कॅमेरा असा लवकर हाताळायला मिळाला. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे छायाचित्रण आले ते लेण्यांची आणि राज्यकारभाराची नोंद करण्यासाठी. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. पुढे त्याने त्या परिसराचे कॅमेऱ्याने चित्रण केले आणि जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ती छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. गिलच्या रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.

दुसरे नाव लाला दीनदयाळ यांचे. रुरकीत अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ १८८०च्या दशकाच्या मध्यास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ १८८६ मध्ये सुरू झाला. १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती देण्यात आला. याच स्टुडिओच्या कामांत १८९९-१९०० च्या दुष्काळातील औरंगाबाद जिल्ह्याच्या मदतकार्याचा अल्बम आहे. मराठवाड्यातला सामान्य माणूस कॅमेऱ्यासमोर आला तो असा, खडी फोडण्याच्या कामावर किंवा अन्नछत्राच्या रांगेत. स्वतःचा फोटो स्वतःच्या इच्छेने आणि पैशाने काढून घेणे ही गोष्ट नंतरची.

१९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरगेज लोहमार्ग पूर्ण झाला आणि नांदेड एका बाजूने सिकंदराबादला, दुसऱ्या बाजूने मनमाडमार्गे मुंबईला जोडले गेले. नायगाव, बिलोली, देगलूर, धर्माबाद हा पट्टा तेलुगू मुलखाला लागून आहे. त्यामुळे इथल्या व्यापाराचा ओढा मुंबई-पुण्याइतकाच, किंबहुना अधिक, हैदराबाद आणि निजामाबादकडे राहिला.

एकाच हातातली दोन कामे

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्या पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा होते. त्यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ १८८० पासून चालू होता. त्यांनी लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रणांत ते मोडते. दादासाहेब फाळके यांचीही वाट स्टुडिओतूनच गेली. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा धंदा करून पाहिला, नंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याच्या वाढीची छोटी फीत तयार केली. स्थिर चित्रे ठरावीक क्रमाने दाखवली की हालचाल दिसते, हे भांडवल उभे करू पाहणाऱ्या फाळक्यांना त्या फितीने लोकांना पटवता आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

उलट दिशेचे देणेही तितकेच मोठे आहे. जर्मनीत ऑस्कर बार्नाक याने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा फोटो कॅमेरा तयार केला. तो ‘लायका’ या नावाने १९२५ मध्ये बाजारात आला. सिनेमाची चौकट १८ × २४ मिलिमीटरची होती. बार्नाकने फिल्म आडवी धरून दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली आणि २४ × ३६ मिलिमीटर हे माप रूढ झाले. आज ‘फुल फ्रेम’ मिररलेस म्हणून जे विकले जाते, त्याच्या सेन्सरचे माप हेच आहे. म्हणजे फोटोच्या कॅमेऱ्यातला सर्वांत मानाचा आकार सिनेमाच्या फिल्मवरून आलेला आहे.

रोल, डार्करूम आणि जत्रा

स्वातंत्र्यानंतर मराठवाड्यात स्टुडिओ वाढले ते शाळा, नोकऱ्या आणि वीज यांच्याबरोबर. विजेआधीच्या स्टुडिओत छताला काच असे आणि काम उन्हाच्या वेळेत चाले. वीज आल्यावर दिवे आले, रंगवलेले पडदे आले, लाकडी खुर्ची आणि प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आली. आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी कॅमेरा ही मोठी गुंतवणूक होती. देशात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा डब्यासारखा कॅमेरा हौशी लोकांपर्यंत पोचला, धंदेवाईक मात्र दोन भिंगांचे रोलिफ्लेक्स किंवा याशिका बाळगत. उटीजवळच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९६० मधली. पुढे त्याचा ‘इंदू’ हा कृष्णधवल माल देशभर खपला.

१२० नंबरच्या रोलवर चौरस १२ फोटो येत, ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६. लग्नाला दोन-तीन रोल म्हणजे भरपूर. त्यामुळे कोणते क्षण टिपायचे ते आधीच ठरलेले असे: अंतरपाट, अक्षता, हार, सप्तपदी आणि दोन्हीकडच्या मंडळींचा एकत्रित फोटो. बटण दाबण्याआधी माणसे उभी करायची, पदर-फेटे सारखे करायचे, मगच फ्लॅश उडवायचा. चुकलेला फोटो रोल धुईपर्यंत कळत नसे. डार्करूममधला लाल दिवा, डेव्हलपर, हायपो आणि निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेले टचिंग हे स्टुडिओचे खरे कौशल्य होते. निगेटिव्ह स्टुडिओतच राहत असल्याने पुढच्या प्रतींची मिळकतही तिथेच राही.

जत्रा हा या धंद्याचा दुसरा हंगाम. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. अशा यात्रांत कापडी तंबूत स्टुडिओ लागत. रंगवलेल्या विमानात, मोटारीत किंवा राजवाड्यापुढे बसून काढलेले फोटो गावोगावच्या घरांच्या भिंतींवर गेले. तिसरा आधार कागदपत्रांचा होता. परीक्षेचे अर्ज, नोकरीचे अर्ज, बँकेची पुस्तके आणि १९९३ पासून मतदार ओळखपत्रे यांमुळे चेहऱ्याचा फोटो ही प्रत्येक नागरिकाची गरज झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार कार्ड दिले गेले. तिथे चेहरा टिपण्याचे काम नोंदणी केंद्रातल्या छोट्या कॅमेऱ्याने केले. स्टुडिओचा भार त्यानंतर लग्नांवर अधिकच आला.

कॅसेटचा काळ

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांबरोबर दूरदर्शन रंगीत झाले. पाठोपाठ व्हीसीआर आले, भाड्याने मिळू लागले आणि लग्नाचे शूटिंग शक्य झाले. शहरांत ते १९८०च्या दशकात रुजले, तालुक्याच्या गावांत त्यानंतर काही वर्षांनी. खांद्यावर ठेवायचा व्हीएचएस कॅमेरा, त्यात तीन तासांची कॅसेट, बरोबर हॅलोजनचा दिवा धरणारा पोरगा आणि मांडवभर पसरलेली वायर असा हा सरंजाम होता.

फोटोवाला स्वतःच शूटिंग का करू शकला नाही, याची तीन कारणे होती. पहिले मालाचे. फोटो चांदीच्या क्षारांवर, रसायनांतून तयार होई. व्हिडिओ चुंबकीय फितीवर नोंदला जाई आणि त्याला डार्करूमऐवजी दोन व्हीसीआर, मिक्सर आणि टीव्ही लागे. दुसरे प्रकाशाचे. फ्लॅशचा लखलखाट क्षणाचा असतो, व्हिडिओला सतत जळणारा दिवा हवा. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात फोटोचे रंग बिघडत आणि फ्लॅशमुळे शूटिंगमध्ये पांढरे ठिपके येत, म्हणून मांडवात दोघांची कुरबुर ठरलेली. तिसरे कारण हिशेबाचे. फोटोचा मोबदला प्रतींवर, अल्बमवर ठरे, शूटिंगचा दिवसावर आणि कॅसेटच्या संख्येवर. म्हणून शूटिंगवाला हा वेगळा धंदेवाईक झाला. पुष्कळदा तो एका स्टुडिओचा नसे आणि तीन-चार स्टुडिओंची कामे घेई.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून मिनी-डीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट आली. सोनीच्या पीडी-१५० आणि पीडी-१७० या कॅमेऱ्यांनी पुढची काही वर्षे लग्ने आणि वृत्तवाहिन्या दोन्ही सांभाळल्या. संपादन संगणकावर गेले. त्याच सुमारास फोटोवाल्याकडे डिजिटल एसएलआर आला, रोल संपला आणि निगेटिव्हचे कपाट बंद झाले. २००५ नंतर ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तीव्र असताना मांडवातला उजेड जनरेटरवर आला. आता दोघांचाही माल सारखाच होता, मेमरीत साठणारे आकडे. वेगळे राहण्याचे पहिले कारण उरले नव्हते.

आरसा गेला त्याची हकिकत

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत आरसा असतो. तो प्रकाश वर वळवून नेत्रिकेत पोचवतो, त्याचा काही भाग तळाच्या फोकस-यंत्रणेकडे जातो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. फोटोसाठी ही रचना उत्तम होती. नजरेला दिसते तेच चित्र मिळे आणि फोकस झटकन बसे.

२००८ साली तिच्यातली उणीव उघडी पडली. ऑगस्टमध्ये निकॉनने डी-९० जाहीर केला. तो व्हिडिओ घेणारा पहिला एसएलआर होता. सप्टेंबरमध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला आणि त्याने फुल एचडी चित्रण दिले. मोठ्या सेन्सरमुळे पार्श्वभूमी धूसर होऊन नवरा-नवरी सिनेमासारखी दिसू लागली. लग्नाच्या शूटिंगचे रूप यानंतर बदलले. पण व्हिडिओ घेताना आरसा वर अडकवून ठेवावा लागे. त्यामुळे नेत्रिका काळी होई, तळाच्या फोकस-यंत्रणेला प्रकाश मिळत नसे आणि फोकस पुढे-मागे हेलकावत राही. सलग चित्रणही काही मिनिटांपुरतेच होई. शूटिंग सुरू असताना आरशाचा काहीही उपयोग नव्हता.

त्याच सप्टेंबरात पॅनासॉनिकने लुमिक्स जी-१ जाहीर केला. भिंगे बदलता येणारा, आरसा नसलेला, आजच्या अर्थाने पहिला मिररलेस तो. त्यात व्हिडिओच नव्हता. ती सोय २००९ च्या जीएच-१ मध्ये आली. म्हणजे मिररलेसचा मूळ हेतू कॅमेरा लहान करण्याचा होता. व्हिडिओसाठी तो सोयीचा आहे हे लगेच ध्यानात आले, कारण त्यात चित्र सतत सेन्सरवरच पडते आणि तेच नेत्रिकेतल्या पडद्यावर दिसते. फोकस ओळखणारे बिंदू सेन्सरमध्येच बसवण्याचे तंत्र सुधारत गेले, तसा आरशाचा शेवटचा फायदाही संपला. सोनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये अल्फा-७ मालिकेतून फुल फ्रेम सेन्सर मिररलेसमध्ये आणला. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये अनुक्रमे आर आणि झेड मालिका सुरू केल्या.

एका डब्यातली दोन यंत्रे

सोनीच्या पहिल्या मालिकेतच जुनी वाटणी पुन्हा दिसली. अल्फा-७ मध्ये २४ मेगापिक्सेल होते, फोटोकडे झुकलेल्या ७-आर मध्ये ३६ आणि २०१४ मध्ये आलेल्या, व्हिडिओ व अंधारासाठीच्या ७-एस मध्ये केवळ १२. फुजीफिल्मने २०२२ मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन बॉडी काढल्या. एक्स-एच-२ मध्ये ४० मेगापिक्सेल, तर एक्स-एच-२-एस मध्ये २६ मेगापिक्सेल, पण सेन्सर वाचण्याचा वेग कितीतरी अधिक.

याचे कारण मोजता येते. लग्नाच्या अल्बमचे १२ × ३६ इंचांचे उघडलेले पान मध्ये दुमडले की एक बाजू १२ × १८ इंच होते. इंचाला ३०० ठिपके धरले तर ती छापायला ३,६०० × ५,४०० म्हणजे सुमारे १९.४ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर त्याला पुरतो. त्याहून अधिक आकडा कामी येतो तो फोटो मोठ्या प्रमाणात कापायचा असेल किंवा भिंतीएवढे बॅनर छापायचे असेल तेव्हा. ४के व्हिडिओची चौकट ३,८४० × २,१६० म्हणजे ८.३ मेगापिक्सेलची असते, पण ती सेकंदाला २५ किंवा ५० वेळा वाचावी लागते. मेगापिक्सेल जास्त तितके वाचन जड. मग कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, किंवा ओळी सावकाश वाचल्याने वेगाने फिरवलेल्या चित्रात मांडवाचे खांब तिरके दिसतात, किंवा बॉडी तापते.

तापण्याचा मुद्दा मराठवाड्यात कागदावरचा नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. २०२० मध्ये ८के चित्रण देणारा कॅननचा आर-५ आला तेव्हा लांबलचक चित्रणात तो बंद पडण्याची चर्चा जगभर झाली. पत्र्याच्या मंगल कार्यालयात हा प्रश्न साध्या ४के चित्रणातही उभा राहू शकतो. म्हणून शूटिंगसाठी कॅमेरा घेताना सलग चित्रणाची मर्यादा पाहिली जाते. अनेक जुन्या मॉडेलांत ती २९ मिनिटे ५९ सेकंद होती, कारण ३० मिनिटे किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून गणले जाऊन त्यावर जादा आयातशुल्क पडे. विधी मध्येच तुटू नयेत म्हणून ही मर्यादा नसलेली बॉडी शूटिंगवाला पसंत करतो.

उजेडाचाही हिशेब आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. म्हणून शूटिंग २५ किंवा ५० चौकटींवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवतात. फोटोवाल्याला ही सक्ती नाही, तो फ्लॅशवर १/२०० वापरू शकतो. मात्र आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे उमटतात. त्यामुळे फोटोसाठी घेतलेल्या बॉडीत यांत्रिक शटर असणे उपयोगाचे. छोट्या जनरेटरची वारंवारता ५० वर स्थिर राहत नाही, तेव्हा शूटिंगमध्येही पट्टे येतात आणि शटरचा आकडा बारीक बारीक सरकवून ते घालवावे लागतात.

साठवणीचा खर्च बॉडीच्या किमतीत धरला जात नाही, पण तो मोठा असतो. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ४के चित्रण केले तर तासाला ४५ गिगाबाइट होतात. हळद, लग्न आणि पाठवणी मिळून चार तास धरले तरी १८० गिगाबाइट. फोटोवाल्याचे दिवसभराचे काम यापेक्षा पुष्कळ कमी जागेत मावते, त्याला दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद होणे अधिक मोलाचे वाटते, कारण अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. शूटिंगवाल्याला माइकची आणि हेडफोनची खाच, फिरणारा पडदा, बॉडीतले कंपननिवारण आणि रंगदुरुस्तीला वाव देणारे १०-बिट चित्रण लागते.

आजची निवड

टाळेबंदीच्या काळात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा न येऊ शकणाऱ्या नातेवाइकांसाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होऊ लागले. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. प्री-वेडिंग, रील, ड्रोन, एलईडी पडदा यांमुळे पॅकेजमध्ये शूटिंगचा वाटा वाढला. अल्बमची मागणी मात्र टिकून आहे, कारण पाहुण्यांपुढे ठेवायला घरात तोच असतो.

यातून तालुक्याच्या गावात एक व्यवहारी पद्धत बसली आहे. एकाच कंपनीच्या, एकाच माउंटच्या दोन बॉडी घेतल्या जातात. एक फोटोला आणि एक शूटिंगला, पण भिंगे, बॅटऱ्या आणि कार्डे दोन्हीकडे चालतात. एक बिघडली तर दुसरी दोन्ही कामे निभावते. मुख्य बॉडी २४ मेगापिक्सेलच्या आसपासची निवडली तर अल्बमही छापता येतो आणि सेन्सर वाचण्याचा भारही आटोक्यात राहतो. ज्यांच्याकडे एसएलआरची भिंगे आहेत, त्यांचा निर्णय बऱ्याच अंशी तिथेच होतो. कॅननच्या जुन्या भिंगाला सेन्सरपासून ४४ मिलिमीटर अंतर लागे, नव्या आर मालिकेत ते २० आहे. निकॉनमध्ये ४६.५ चे १६ झाले. उरलेली जागा अडॅप्टरने भरून जुने भिंग नव्या बॉडीवर चालते, म्हणून कंपनी सहसा बदलली जात नाही. पहिलाच कॅमेरा घेणाऱ्या नवख्याने आपली पहिली कामे कोणती असतील ते आधी पाहावे. पासपोर्ट फोटो, बारसे, शाळेची संमेलने यांवर दुकान चालणार असेल तर फोटोला सोयीची, नेत्रिका असलेली बॉडी आणि एक चांगला फ्लॅश पुरतो. मोठ्या स्टुडिओंसाठी रोजंदारीवर शूटिंग करायचे असेल तर चित्रणाची मर्यादा, उष्णता आणि आवाजाची सोय आधी पाहावी लागते.

कॅमेरा एक झाला तरी मांडवातली माणसे दोनच राहिली. अक्षता पडताना फोटोवाल्याला एका क्षणासाठी कोन बदलत पुढे जावे लागते आणि शूटिंगवाल्याला त्याच वेळी जागा न सोडता संपूर्ण विधी धरून ठेवावा लागतो. ही दोन कामे एका माणसाला एका वेळी करता येत नाहीत. म्हणून फोटोसाठी की व्हिडिओसाठी या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात अर्धेच मिळते. उरलेले अर्धे, मांडवात तो कॅमेरा कोणाच्या हातात असणार यावर ठरते.